सुपरचार्ज्ड गाडीतला ब्लो-बाय: कॅच कॅन घेण्याआधी, बसवताना आणि बसवल्यावर

इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या सुपरचार्जरचा दाब, म्हणजे बूस्ट, आला की ऑइलची पट्टी नळीतून वर उचलते. क्रँक पुलीमागचं सील ओलं दिसतं. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप सोडला की आतून तेल ठिबकतं. सुपरचार्जर असलेल्या गाड्यांच्या या तक्रारी कोल्हापुरात हल्ली वारंवार ऐकू येतात, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांना कॅच कॅन (इंजिनातून येणाऱ्या वायूतलं तेल अडवणारा डबा) आधीच लावलेला असतो. डबा चकचकीत, पाइप रंगीत, तक्रार मात्र जशीच्या तशी. चूक होते ती क्रमात. आधी डबा घेतला जातो, मग त्याला जागा शोधली जाते आणि मग जो पाइप सहज हाताला लागेल तो कापून डबा मध्ये जोडला जातो.

बूस्टमध्ये असताना क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या इंजिनाच्या पोकळीतला, वायू नेमका कुठल्या वाटेने बाहेर पडतो, याचं उत्तर तुमच्या गाडीपुरतं मिळाल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. पुढचे सगळे टप्पे त्यासाठीच आहेत.

कामापुरतं एवढं लक्षात असू द्या. पिस्टन रिंगांच्या फटीतून जो वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतो तो ब्लो-बाय. त्यात तेलाचे बारीक थेंब, न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं, थोडं रिंगांखाली उतरतं. बूस्टमध्ये सिलिंडरमधला दाब वाढतो, त्याबरोबर ब्लो-बायही वाढतो. तो बाहेर पडला नाही तर सीलमधून वाट काढतो. बाहेर पडून तेलासकट इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या वाटेत, गेला, तर तेलामुळे मिश्रणाची नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) सोसायची ताकद घटते, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि गाडी जड वाटू लागते. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोलचा फवारा पडत नाही, त्यामुळे तेलाची काजळी तिथे थरावर थर साचत जाते.

आधी एक अट: रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत हा वायू परत इंजिनातच गेला पाहिजे. बीएस-६ च्या प्रकार-मंजुरीत क्रँककेसमधून बाहेर वायू सुटू नये यासाठी वेगळी चाचणी आहे. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या फेरबदलांवर मर्यादा घालतं. किट लावून नंतर सुपरचार्ज केलेल्या गाडीला तर ते आधी लागू होतं. खाली सांगितलं आहे ते सगळं बंद पद्धतीचं काम आहे. वर छोटा फिल्टर लावून हवेत सोडणारा डबा फक्त ट्रॅकवरच्या गाडीसाठी.

## टप्पा १: इंजिन निरोगी आहे का ते आधी ठरवा

रिंगा गेलेल्या इंजिनाला कोणताही डबा वाचवू शकत नाही. त्यामुळे सुरुवात कॉम्प्रेशन (सिलिंडर किती दाब धरतो) आणि लीक-डाउन (आत सोडलेल्या हवेपैकी किती टक्के गळते) या दोन चाचण्यांनी.

इंजिन चालवून गरम करा, सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कॉम्प्रेशन घ्या. आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त अंतर असेल तर पुढे जाऊ नका. लीक-डाउनमध्ये १० टक्क्यांच्या आत गळती असेल तर चांगलं. २० च्या वर गेली तर हवा कुठून सुटते ते ऐका. ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस ऐकू आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. फोर्ज्ड पिस्टन टाकलेलं इंजिन थंड असताना जास्त गळती दाखवतं, म्हणून तिथे गरम इंजिनावरचंच माप धरा.

याच वेळी ऑइलची पातळी बघा. वरच्या खुणेच्या वर तेल असेल तर क्रँक ते घुसळतो आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनापासून इनटेकला जाणाऱ्या हवेच्या पाइपातून, तेलच बाहेर येतं. निम्म्या तक्रारी इथेच संपायला हव्यात. दुसरं म्हणजे ऑइलच्या माहितीपत्रकातला नोॲक हा आकडा. गरम झाल्यावर तेलाचा किती टक्के भाग उडून जातो ते तो सांगतो. एसीईए या युरोपीय कार उत्पादकांच्या संघटनेच्या सी३ दर्जाला मर्यादा १३ टक्के आहे. तुमच्या गाडीला चालणाऱ्या ग्रेडमध्ये जे तेल त्याहून कमी दाखवत असेल, ते घ्या.

तपासणी: एअर फिल्टर काढून उजेडात धरा. चोंदलेल्या फिल्टरमुळे इनटेक पाइपात ओढ वाढते आणि ब्रीदरमधून तेल जास्त खेचलं जातं. ऊस हंगामात ट्रॉल्यांमागून चालणाऱ्या गाड्यांचे फिल्टर धुळीने आणि पाचटाच्या भुशाने फार लवकर भरतात. कंपनीचं वेळापत्रक त्या चार-पाच महिन्यांत निम्म्यावर आणा.

## टप्पा २: कागदावर दोन चित्रं काढा

एक चित्र आयडलचं, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय न देता इंजिन चालू असतानाचं, एक पूर्ण बूस्टचं. दोन रंगांचे पेन घ्या, बॉनेट उघडा आणि प्रत्येक पाइप हाताने चाचपत शेवटापर्यंत जा. हा टप्पा लोक हमखास गाळतात आणि पुढची प्रत्येक चूक इथूनच सुरू होते.

आयडलला मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागात, व्हॅक्यूम असतो. तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (क्रँककेसमधल्या वायूची वाट उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) क्रँककेसमधला वायू ओढून घेतो, आणि दुसऱ्या बाजूने, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरपासून इनटेक पाइपला जाणाऱ्या ब्रीदरमधून, गाळलेली ताजी हवा आत येते. इंजिन असं आतून धुतलं जातं. तेलातलं पाणी आणि पेट्रोल बाहेर काढणारी हीच हवा.

बूस्ट आला की मॅनिफोल्डमध्ये दाब येतो, पीसीव्ही व्हॉल्व्ह बंद होतो, निदान व्हायला हवा. आता वायूला एकच वाट उरते. ज्या ब्रीदरमधून ताजी हवा आत येत होती, त्यातूनच तो उलटा बाहेर पडतो आणि सुपरचार्जरच्या आधीच्या पाइपात जातो. म्हणजे पूर्ण बूस्टमध्ये सगळं तेल ब्रीदरच्या वाटेने जातं, आणि बाजारातले बहुतेक डबे लावले जातात ते पीसीव्हीच्या वाटेवर. तक्रार जशीच्या तशी राहते ती यामुळे.

सुपरचार्जरचा प्रकार ओळखा, कारण चित्र त्यावर बदलतं. रोटरवाल्या रूट्स पद्धतीच्या सुपरचार्जरमध्ये थ्रॉटल सहसा सुपरचार्जरच्या आधी असतो. त्यामुळे थ्रॉटल आणि रोटर यांच्या मधल्या जागेत आयडलला व्हॅक्यूम असतो, पण बूस्ट कधीच येत नाही. बूस्ट येतो रोटरच्या पुढे. पीसीव्हीचा पाइप यातल्या कोणत्या जागी जातो ते नीट बघा. रोटरच्या आधी जात असेल तर तेल रोटरवरून इंटरकूलरमध्ये जाणार. रोटरच्या पुढे जात असेल तर बूस्ट उलटा क्रँककेसमध्ये शिरण्याचा धोका. सेंट्रिफ्यूगल किटमध्ये थ्रॉटल सुपरचार्जरच्या पुढे असतो आणि मॅनिफोल्डचं वागणं टर्बोच्या गाडीसारखं असतं.

काही गाड्यांत हे सगळं डोळ्यांना दिसतच नाही. आउडीच्या ३.० टीएफएसआयमध्ये तेल वेगळं करणारा भाग व्हीच्या खाचेत, सुपरचार्जरच्या खाली असतो. तिथे हात घालायचा तर आधी सुपरचार्जर उचलावा लागतो. असं इंजिन असेल तर डबा लावायच्या घाईपेक्षा तो मूळ भाग नवा टाकणं जास्त उपयोगाचं.

इशारा: चित्रात एखादा पाइप कुठे जातो ते कळलं नाही, तर तो कापू नका आणि त्याला बूच मारू नका. ब्रीदरला बूच मारलं की पुढचा बूस्ट ऑइल सीलवर निघतो.

## टप्पा ३: दाब मोजा

अंदाज बांधायची गरज नाही. क्रँककेसचा दाब मोजायला फार साधं साधन पुरतं.

गवंडी लेव्हल काढायला वापरतात तो पारदर्शक पाइप हार्डवेअरच्या दुकानातून तीनेक मीटर आणा. मीटरभर उंचीच्या प्लायवर तो यू आकारात उभा बांधा आणि दोन्ही बाजूंना निम्म्या उंचीपर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक उघडं ठेवा. दुसरं टोक थेट इंजिनाला जोडायचं नाही. मध्ये काचेची बरणी ठेवा, झाकणाला दोन निपल बसवून. एका निपलला पाण्याचा पाइप, दुसऱ्यापासून ऑइल पट्टीच्या नळीपर्यंत रबरी पाइप. क्रँककेसमध्ये अनपेक्षित व्हॅक्यूम निघाला तर पाणी बरणीत पडेल, इंजिनात जाणार नाही. प्लॅस्टिकची पातळ बाटली घेऊ नका, ती आत दबते आणि माप चुकतं.

मोजायचा तो दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक. एकाच बाजूचं पाणी किती हललं ते बघणारे निम्माच आकडा धरून बसतात. १० सेंटिमीटर फरक म्हणजे साधारण १ किलोपास्कल.

इंजिन गरम झाल्यावर आयडलला बघा. पाणी इंजिनाच्या बाजूने थोडं वर ओढलं गेलं पाहिजे, काही सेंटिमीटरपासून वीस-पंचवीसपर्यंत. मॉडेलप्रमाणे फरक पडतो, म्हणून तुमच्या गाडीचा सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच धरा. आयडललाच पाणी उलट ढकललं जात असेल तर पीसीव्ही अडकला आहे, पाइप चोंदला आहे किंवा टप्पा १ मध्ये काहीतरी सुटलं आहे. व्हॅक्यूम फारच जास्त असेल, ऑइलचं झाकण उघडताना जोर लागत असेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल आणि आयडल वरखाली होत असेल, तर पीसीव्हीतला डायफ्रॅम (रबरी पडदा) फाटला आहे. युरोपियन गाड्यांत हे नेहमीचं दुखणं.

भार असताना मोजायला पाण्याची नळी गाडीत नेऊ नका. त्यासाठी छोटा डिजिटल मॅनोमीटर किंवा डिफरन्शियल प्रेशर सेन्सर घ्या आणि डायनोवर (गाडी जागेवरच चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंदिस्त ट्रॅकवर मोजा. हायवेवर कागलच्या दिशेने बूस्ट ओढून आकडे वाचणं धोक्याचं आहे, आणि त्या आकड्यांवर भरवसाही ठेवता येत नाही.

ईसीयूचा जुना मॅप (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) सेन्सर लावून क्रँककेसचा दाब लॉग करणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळायची. तो सेन्सर निरपेक्ष, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून एकूण, दाब दाखवतो आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. इथे हवेचाच दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो, पुस्तकातला १०१ नसतो. लॉगमध्ये ९७ दिसला की १०१ शी तुलना करून "चार किलोपास्कल व्हॅक्यूम आहे, छान" असा निष्कर्ष निघतो, प्रत्यक्षात तिथे दोन किलोपास्कल दाब असतो. पन्हाळ्याला किंवा गगनबावड्याला गेलात की पाया पुन्हा बदलतो. दर वेळी इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून आधी हवेचा दाब नोंदवा आणि लॉगमधल्या आकड्यातून तो वजा करा.

पूर्ण बूस्टमध्ये मी धरतो त्या मर्यादा अशा. शून्याच्या आसपास किंवा किंचित व्हॅक्यूम: उत्तम. १ किलोपास्कलपर्यंत दाब: चालेल. ३ च्या वर: कारण शोधल्याशिवाय गाडी जोरात चालवू नये. ७ म्हणजे जवळपास एक पीएसआय: गाडी बंद.

दाब कसा वाढतो तेही बघा. आरपीएमबरोबर हळूहळू चढत गेला तर ब्लो-बाय जास्त आहे किंवा ब्रीदर अरुंद आहे. बूस्टच्या काट्याबरोबर एकदम उडी मारत असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह उलटा गळतो आहे आणि सुपरचार्जरची हवा थेट क्रँककेसमध्ये जाते आहे.

तपासणी: पीसीव्ही काढून हलवला आणि खडखडला, म्हणजे तो चांगला, असं गॅरेजमध्ये सर्रास म्हटलं जातं. खडखडण्यावरून तो अडकलेला नाही एवढंच कळतं. मॅनिफोल्डच्या बाजूने स्वच्छ नळी लावून फुंकून बघा. हवा पार जाता कामा नये. व्हॉल्व्ह गरम असताना हीच तपासणी पुन्हा करा. थंड असताना बसणारे कित्येक व्हॉल्व्ह गरम झाल्यावर गळतात.

## टप्पा ४: डबा निवडा किंवा बनवून घ्या

आता कुठे डब्याची वेळ आली. रिकामा डबा म्हणजे पाइपातला एक फुगवटा. तेलाचे थेंब हवेबरोबर आत येतात आणि तसेच बाहेर जातात. आत येणारा वायू पत्र्यावर आपटून खाली वळला पाहिजे, मग जाळीतून वर चढला पाहिजे आणि बाहेरचं तोंड सगळ्यात वर असलं पाहिजे. तळाला साचलेलं तेल परत उसळू नये म्हणून जाळीखाली छिद्रांची एक प्लेट हवी. तळाशी ड्रेनचा कॉक आणि पातळी बघायला पट्टी किंवा काचेची नळी.

तोंडांचा आतला व्यास मूळ पाइपापेक्षा कमी नको. ब्रीदरच्या बाजूला १६ मिलिमीटर हे कमीत कमी धरा. मोठ्या व्ही८ ला त्याहून मोठं. रस्त्यावरच्या गाडीला अर्धा ते एक लिटरचा डबा पुरतो. ट्रॅकसाठी उघडा ब्रीदर ठेवणार असाल तर एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांतल्या परिशिष्ट जे मध्ये २००० सीसीपर्यंत किमान २ लिटर आणि त्यापुढे ३ लिटर अशी मर्यादा आहे. स्पर्धेला जाण्याआधी तिथल्या नियमांत बघून घ्या.

कोल्हापूरकरांना इथे मोठी सोय आहे. उद्यमनगरात निपल टर्न करून, ॲल्युमिनियमचा डबा टिग वेल्डिंगने जोडून मापात मिळतो, तोही मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून. पण याच सोयीत एक धोका आहे. लेथवरून आलेल्या निपलच्या आतल्या कडेला बारीक बर (धातूची खरखरीत कड) राहतो, वेल्डिंगचे कण आत चिकटलेले असतात आणि शिरोलीतून किंवा गोकुळ शिरगावातून कास्टिंगचं बूड आणलं असेल तर खाचांत वाळू असते. डबा इंजिनाच्या इनटेकला जोडलेला आहे आणि रोटर आणि केसिंग यांच्यात फट अगदी बारीक असते. वाळूचा एक कण रोटरचं कोटिंग ओरबाडायला पुरेसा आहे. डबा बंद करण्याआधी आतल्या कडा कानशीने मोडा, गरम पाणी आणि डिटर्जंटने धुवा, कॉम्प्रेसरच्या हवेने सुकवा आणि पांढरं फडकं आत फिरवा. फडक्यावर काही लागलं तर पुन्हा धुवा. बंद केल्यावर हलका दाब देऊन पाण्याच्या बादलीत बुडवून बुडबुडे बघा.

इशारा: जाळी म्हणून भांडी घासायचा तारेचा चोथा कोंबू नका. तो झिजतो, त्याचे तुकडे सुटतात आणि थेट सुपरचार्जरमध्ये जातात. विणलेली स्टेनलेस जाळी घ्या आणि ती छिद्रांच्या दोन प्लेटांमध्ये घट्ट धरा.

## टप्पा ५: जागा आणि पाइप

डबा थंड जागी हवा. गरम डब्यात वाफ वाफच राहते आणि पार निघून जाते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बाजूला जागा रिकामी दिसली तरी ती सोडून द्या. हेडलाइटच्या मागे किंवा बंपरच्या आत, पण इंटरकूलरच्या रेडिएटरची हवा न अडवता बसवा. इतका खालीही नको की स्पीडब्रेकर घासेल किंवा पावसात भरलेल्या खड्ड्यात बुडेल.

पाइपाला पोट येऊ देऊ नका. मध्ये खोलगट भाग राहिला तर तिथे तेल आणि पाणी साचतं, वाट बंद होते आणि टप्पा ३ मधला दाब पुन्हा वाढतो. इंजिनापासून डब्याकडे सलग उतार, किंवा डब्याच्या आधी सलग चढ म्हणजे तेल परत इंजिनात ओघळेल. दोन्हीपैकी एक चालेल, मधलं लोंबणारं काही नको.

पाइप नायट्राइल रबराचा, तेल आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल दोन्ही सोसणारा घ्या. दिसायला देखणा साधा सिलिकॉन पाइप तेलाने मऊ पडतो आणि फुगतो. सिलिकॉनच हवा असेल तर आतून फ्लोरोसिलिकॉनचं अस्तर असलेला घ्या. पीसीव्हीच्या बाजूचा पाइप व्हॅक्यूममध्ये चपटा होता कामा नये, म्हणून जाड भिंतीचा. बोटाने जोरात दाबला तर सहज मिटणारा पाइप तिथे वापरू नका.

## टप्पा ६: जोडणी, याच क्रमाने

१. इंजिन थंड. आधी इंटरकूलर आणि पाइपातलं जुनं तेल काढून स्वच्छ करा. हे न करता डबा जोडला तर पुढे कितीतरी दिवस जुनंच तेल निघत राहतं आणि डबा काम करतोय की नाही ते कळत नाही.

२. ब्रीदरची बाजू आधी जोडा: टॅपेट कव्हर, मग डबा, मग एअर मास सेन्सरच्या पुढचा आणि सुपरचार्जरच्या आधीचा इनटेक पाइप. सेन्सरच्या आधी जोडलंत तर तेल सेन्सरच्या तारेवर बसेल. हवेत उघडं सोडलंत तर आयडलला न मोजलेली हवा आत येईल, मिश्रण पातळ होईल आणि पी०१७१ सारखा कोड येईल.

३. नंतर पीसीव्हीची बाजू, तिला स्वतंत्र डबा: क्रँककेस, मग डबा, मग चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा), मग मॅनिफोल्ड. चेक व्हॉल्व्ह डबा आणि मॅनिफोल्ड यांच्या मध्येच हवा. पीसीव्ही टॅपेट कव्हरमध्ये बसलेला असेल आणि पुढे चेक व्हॉल्व्ह नसेल, तर बूस्टमध्ये डबाच फुग्यासारखा दाबाखाली येतो आणि त्याच्या जोडांतून हवा सुटते.

४. चेक व्हॉल्व्हवरचा बाण मॅनिफोल्डकडे. बसवायच्या आधी फुंकून दिशा बघा, बाणावर विसंबू नका.

५. कव्हराच्या आतली तेल अडवणारी मूळ प्लेट काढू नका. जास्त वाट मिळावी म्हणून ती कापणारे आहेत. मग डबा प्रत्येक फेरीत भरतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक अशी: पैसे वाचवायला एकच डबा घेतला जातो आणि ब्रीदर आणि पीसीव्ही दोन्ही पाइप त्यात एकत्र जोडले जातात. दिसायला नीटनेटकं दिसतं. पण आयडलला मॅनिफोल्ड आता क्रँककेसमधून ओढण्याऐवजी डब्यातूनच इनटेक पाइपातली ताजी हवा ओढून घेतो, कारण ती वाट सोपी आहे. क्रँककेसमधली हवा जागच्या जागी राहते. तेलात पाणी आणि पेट्रोल साठत जातं, तेल लवकर काळं आणि पातळ होतं, कव्हराच्या आत गंज धरतो. डबा मात्र कोरडा असतो, त्यामुळे सगळं उत्तम चाललंय असं वाटतं. एकाच डब्यात भागवायचं असेल तर आत पूर्ण वेगळे दोन कप्पे असलेला डबा घ्या.

एक्झॉस्टमध्ये तिरपा पाइप घालून क्रँककेस ओढायची रेसिंगमधली पद्धत रस्त्यावरच्या गाडीत आणू नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सरमुळे तिथे ओढ मिळत नाही, उलट दाब येतो.

## टप्पा ७: लगेचची तपासणी

इंजिन सुरू करा आणि आयडल स्थिर आहे का बघा. स्कॅनर लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) बघा. जोडणीआधीच्या आकड्यापेक्षा तो पाचेक टक्क्यांहून जास्त सरकला तर कुठेतरी हवा शिरते आहे. धुराच्या मशीनने गळती शोधा, दाब अगदी हलका ठेवून. मग टप्पा ३ ची मापं जशीच्या तशी पुन्हा घ्या आणि आधीच्या आकड्यांशेजारी लिहा. आयडलचा व्हॅक्यूम साधारण तेवढाच राहिला पाहिजे आणि बूस्टमधला दाब आधीपेक्षा वाढता कामा नये. वाढला असेल तर डब्याची जाळी फार घट्ट आहे किंवा पाइप अरुंद आहे. डब्यात तेल जमतंय म्हणून हे दुर्लक्षित करू नका. जाळीत अडकून वाढलेला दाब शेवटी सीलवरच येतो.

इंटरकूलरच्या आधीच्या पाइपात पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवता आली तर जरूर चिकटवा, सुटणार नाही अशी, जोडाच्या क्लॅम्पखाली धरून. पाचशे किलोमीटरनंतर काढून बघा. पट्टीवर तेलाचा ओघळ असेल तर ब्रीदरचा डबा कमी पडतो. नुसता तेलकट डाग असेल तर समाधान माना, कोणताही डबा शंभर टक्के तेल पकडत नाही.

## टप्पा ८: डबा वाचायला शिका

पहिल्या दोन-तीन वेळा दर पाचशे किलोमीटरला डबा उघडा, निघालेलं मोजपात्रात ओता आणि तारीख, किलोमीटर, ऋतू यांच्यासह वहीत लिहा. दुसऱ्या कोणाच्या गाडीच्या आकड्याशी तुलना निरर्थक आहे. तुमच्या गाडीचा नेहमीचा आकडा कळला, की त्यातला बदल तुम्हाला लगेच दिसेल.

तपकिरी, पातळसर तेल नेहमीचं. दुधी, लोण्यासारखा थर म्हणजे पाणी. पावसाळ्यात राजारामपुरीतून रंकाळ्यापर्यंत जाऊन परत आलेल्या गाडीत तो दिसणारच, कारण एवढ्याशा अंतरात तेल पुरेसं तापत नाही. हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरण्याआधी गाडी तासभर सलग चालवा, डबा रिकामा करा आणि मग पुन्हा बघा. तेव्हाही दुधी आलं आणि कूलंट कमी होत असेल तर मात्र गॅस्केट तपासा. पेट्रोलचा उग्र वास आणि पाण्यासारखं पातळ द्रव म्हणजे मिश्रण जाड चाललंय किंवा इंजेक्टर गळतोय. एकाएकी दुप्पट तेल निघालं तर पुन्हा टप्पा १ ला जा, आधी पातळी, मग लीक-डाउन.

जून ते सप्टेंबर डबा नेहमीपेक्षा दुप्पट वेळा रिकामा करा. भरून वाहिलेला डबा एका वळणावर सगळं तेल एकदम इनटेकमध्ये ओततो, आणि हा धोका डबा नसण्यापेक्षाही मोठा आहे. घाटात निघायच्या आदल्या दिवशी, आंबा असो की करूळ, ड्रेन कॉक उघडून बघायची सवय ठेवा.

दर ऑइल बदलाला जाळी काढून डिझेलमध्ये धुवा, पूर्ण सुकवा, चेक व्हॉल्व्ह फुंकून बघा, क्लॅम्प आवळा. पीसीव्ही व्हॉल्व्ह खर्चाच्या मानाने स्वस्त असतो, शंका आली तर बदला.

डब्यातलं तेल इंजिनात परत ओतू नका. त्यात पाणी, पेट्रोल आणि आम्ल असतं. गटारात तर मुळीच नको. शहरातली बरीच गटारं जयंती नाल्यातून पंचगंगेला मिळतात. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि ऑइल बदलताना निघालेल्या जुन्या तेलाबरोबर अधिकृत रिसायकलरकडे देणाऱ्या गॅरेजमध्ये द्या.